शिवू नको, चाखू नको, हात लावू नको: कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय समजून घेताना

ख्रिस्ती स्वातंत्र्याचा विषय निघाला की बहुतेक जण बायबलच्या नव्या करारातलं गलतीकरांस पत्र उघडतात, आणि ते बरोबरच आहे. पण धर्माच्या नियमांचा जाच आणि अदृश्य शक्तींची भीती यांची मुळं एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे पाहायचं तर कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचावा लागतो. ८ ते २३ ही सोळा वचनं. घाईने वाचली तर फार अवघड वाटतात, कारण ज्यांच्या शिकवणीला उत्तर द्यायचं आहे ती माणसं नेमकं काय शिकवत होती, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कुठेच सरळ सांगत नाही. त्याच्या वाचकांना ते ठाऊक होतं. आपल्याला मात्र तुकडे जुळवावे लागतात.

कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली शहराजवळ, होनाझ गावाच्या बाजूला, लिकस नदीच्या खोऱ्यात वसलेलं शहर. रंगवलेल्या लोकरीसाठी त्याचं नाव होतं, पण पहिल्या शतकापर्यंत शेजारची लावदिकीया आणि हेरापली ही शहरं त्याच्या पुढे गेली होती. तिसऱ्या अँटिओकस राजाने मेसोपोटेमिया आणि बाबिलोनमधून दोन हजार यहूदी कुटुंबं लुदिया आणि फ्रुगिया या भागांत आणून वसवल्याचं इतिहासकार योसेफस सांगतो. म्हणजे पौलाच्या काळी या खोऱ्यात यहूदी वस्ती अडीचशे वर्षांची जुनी होती. भोवती फ्रुगियातली देवदेवतं, ज्योतिष, मंत्रतंत्र. या सरमिसळीत एपफ्रास नावाच्या स्थानिक माणसाच्या सेवेतून इथली मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, उभी राहिली. पौल स्वतः तोवर तिथे गेलेला नव्हता. हे पत्र त्याने इ. स. ६० ते ६२ च्या सुमारास तुरुंगातून लिहिलं अशी परंपरा आहे. ते त्याच्या एखाद्या सहकाऱ्याच्या हातचं असावं असंही काही अभ्यासक मानतात. त्या वादाने अध्यायाचा मुद्दा बदलत नाही.

१६ ते २३ या वचनांत टीका कशाकशावर आहे ते एका बाजूला मांडलं, तर नव्या शिकवणीचं चित्र बऱ्यापैकी उभं राहतं. काय खावं-प्यावं याचे निर्बंध. सण, चंद्रदर्शन आणि शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा साप्ताहिक विसाव्याचा दिवस, पाळण्याची सक्ती. देवदूतांची उपासना. दृष्टान्तांचा तोरा. शरीराला कष्ट देणं. आणि ज्यांनी या अध्यायाला ओळख दिली ते तीन निषेध: शिवू नको, चाखू नको, हात लावू नको. ही शिकवण ख्रिस्ताला नाकारत नव्हती. ख्रिस्त हवाच, पण तेवढ्याने भागत नाही, पूर्णत्वाला जायचं तर हेही करा, असा तिचा सूर होता. म्हणूनच ती धोकादायक होती. उघड विरोध करणारा लगेच ओळखू येतो. भर घालणारा आपलाच वाटतो.

हे काही पत्रापुरतं राहिलं नाही. चौथ्या शतकात शेजारच्या लावदिकीयात भरलेल्या धर्मसभेला देवदूतांच्या नावाने भजणाऱ्यांविरुद्ध, शब्बाथची सक्ती करणाऱ्यांविरुद्ध आणि ताईत बनवून देणाऱ्या धर्मसेवकांविरुद्ध वेगवेगळे नियम करावे लागले. ते ताईत म्हणजे त्यांच्याच जिवाच्या बेड्या आहेत, असं त्या नियमात म्हटलं आहे. पाचव्या शतकात थिओडोरेट हा बिशपही लिहितो की फ्रुगियात हा रोग बराच काळ टिकला, आणि मिखाएल देवदूताची प्रार्थनास्थळं त्याच्या काळीही तिथे होती. पौलाने हात घातला तो प्रश्न एका शहराचा किंवा एका पिढीचा नव्हता.

नियम आणि शक्ती यांची गाठ

अन्नाचे नियम आणि देवदूतांची उपासना यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. त्या काळच्या माणसाला तो पडला नसता. इजिप्तमध्ये सापडलेल्या मंत्रविद्येच्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवर, विधींच्या पाककृतीच लिहिलेल्या आहेत: शक्तीला बोलावण्याआधी इतके दिवस शुद्ध राहा, अमुक खाऊ नका, अमुक तिथीला, अमुक प्रहरी, अमुक नावं अमुक क्रमाने उच्चारा. एक पायरी चुकली तर विधी फुकट, किंवा उलटणार. इफिस शहरात विश्वास ठेवलेल्यांनी जाळलेल्या अशा पुस्तकांची किंमत ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी, इतकी दिली आहे. एक नाणं ही मजुराची साधारण दिवसाची कमाई धरली, तर तो एका मजुराच्या दीडशे वर्षांच्या मजुरीएवढा पैसा होतो. भीतीचा बाजार केवढा होता ते यावरून कळतं.

अशा जगात नियम आणि शक्ती ही एकाच व्यवहाराची दोन टोकं होती. शक्ती रागावू नये, वाट अडवू नये म्हणून नियम. आणि नियम मोडला तर कोण बघतंय, तर ती शक्ती. पौल या सगळ्याला एकच नाव देतो. आपल्या मराठी बायबलमध्ये ते ‘जगाचे प्राथमिक शिक्षण’ असं आलं आहे. मूळ ग्रीक शब्द मुळाक्षरांसाठी वापरत, पृथ्वी-आप-तेज-वायू या मूलतत्त्वांसाठी वापरत, आणि पुढे ग्रहताऱ्यांच्या मागच्या शक्तींसाठीही वापरला गेला. इथे नेमका कोणता अर्थ घ्यायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हाच शब्द कसा वापरतो ते पाहिलं की त्याचा रोख कळतो.

गलतीया प्रांतातले विश्वासणारे पूर्वी मूर्तिपूजक होते. आता ते यहूदी नियमशास्त्राचे दिवस, महिने, ऋतू आणि वर्षं पाळायला लागले होते. पौल म्हणतो, तुम्ही पुन्हा त्याच दुर्बळ गोष्टींकडे वळता आहात. ‘पुन्हा’ हा शब्द त्या काळच्या वाचकाला चटका देणारा होता, कारण ते लोक मूर्तींकडे परत जात नव्हते, मोशेच्या नियमशास्त्राकडे जात होते. तरीही पौलाच्या लेखी दोन्ही गुलामगिरीच. देवाने दिलेलं नियमशास्त्रसुद्धा, तारणासाठी ख्रिस्ताला जोडायची अट म्हणून वापरलं, की तेच काम करतं जे पूर्वी ग्रहताऱ्यांची भीती करत होती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या अध्यायाचा आधार घेऊन यहूदी लोकांना हिणवलं गेलं आहे आणि ते चूक आहे. पौल नियमशास्त्राला वाईट म्हणत नाही. गलतीकरांस पत्रात तो त्याला बालरक्षक म्हणतो. श्रीमंत घरातल्या मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा दास म्हणजे बालरक्षक. त्याचं काम चांगलंच असतं, फक्त मुलगा वयात येईपर्यंतचं. वाद होता तो परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, हे ओझं लादण्याचा, आणि त्यांना दुय्यम ठरवण्याचा. यरुशलेमेतल्या सभेने, साधारण इ. स. ४९ मध्ये, परराष्ट्रीयांनी सुंता करून यहूदी होण्याची गरज नाही असा निर्णय दिला, तो यहूदी प्रेषितांनीच.

कर्जाचं खत फाडल्यावर सावकाराच्या हाती काय उरतं?

अध्यायाचा गाभा १४ आणि १५ या दोन वचनांत आहे. बरेच प्रवचनकार ही वचनं वेगवेगळी घेतात: १४ वर क्षमेचं प्रवचन, १५ वर विजयाचं. त्यामुळे मधला दुवाच निसटतो.

१४ व्या वचनात पौल एका दस्तऐवजाबद्दल बोलतो. त्या काळी कर्जदार स्वतःच्या हाताने कर्जाचं खत लिहून देत असे: मी इतकं देणं लागतो, दिलं नाही तर ही शिक्षा. खत सावकाराकडे राहायचं. कर्ज फिटलं की त्यावर फुली मारायची पद्धत होती. इजिप्तमधल्या इ. स. ८५ च्या एका पपायरसावर सुभेदाराने असं खत फुली मारून रद्द करण्याचा हुकूम दिल्याची नोंद आहे. पौल म्हणतो, आपल्याविरुद्धचं खत देवाने खोडून टाकलं, मधून काढून टाकलं आणि वधस्तंभाला खिळलं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवल्यावर बँकेचा माणूस जमिनीवर हक्क सांगू शकत नाही, तसंच हे आहे. बोजा होता हे खरं, रक्कमही खरी होती, पण आता नोंदच उरलेली नाही.

मग १५ वं वचन: देवाने सत्ता आणि अधिकारी यांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांची उघड धिंड काढली. चित्र रोमन विजययात्रेचं आहे. विजयी सेनापती रथातून रोममध्ये शिरायचा आणि हरलेल्यांना साखळदंडांत लोकांसमोरून चालवलं जायचं. पण या शक्तींचं हत्यार काय होतं? इथे १४ वं वचन कामी येतं. त्यांचं हत्यार म्हणजे ते खतच. तू दोषी आहेस, तुझं देणं बाकी आहे, म्हणून तू आमच्या ताब्यात आहेस, ही त्यांची सगळी पकड. दोषारोप संपला की पकड सुटते. म्हणून भुताखेतांच्या भीतीवर पौलाचं उत्तर आणखी ताकदीचा मंत्र हे नाही. त्याचं उत्तर क्षमा आहे.

हे लक्षात आलं की पत्राच्या पहिल्या अध्यायातलं १६ वं वचनही नीट लागतं. सिंहासनं, अधिपत्यं, सत्ता, अधिकार, सगळं ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठी निर्माण झालं. पौल या शक्ती नाहीतच असं म्हणत नाही, आणि त्यांना ख्रिस्ताच्या बरोबरीलाही बसवत नाही. त्या निर्माण केलेल्या आहेत, आणि आता निःशस्त्र आहेत. दोन टोकांच्या मधली ही जागा धरून ठेवणं मंडळ्यांना आजही जड जातं.

नियम चांगले दिसतात, मग काम का करत नाहीत?

२३ व्या वचनात पौल कबूल करतो की या नियमांना शहाणपणाचा देखावा आहे. उपास करणारा, कमी बोलणारा, शरीर झिजवणारा माणूस पाहिला की आदर वाटतोच. तरी देहस्वभावाला आवर घालण्यात त्यांचा उपयोग शून्य, असं तो ठाम सांगतो. कारण त्याच्या दृष्टीने देहस्वभाव म्हणजे फक्त जिभेचे आणि शरीराचे चोचले नव्हेत. गलतीकरांस ५ मधली देहाच्या कर्मांची यादी काढून पाहा: त्यात जारकर्म आणि दारूबाजी आहे, तसेच वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी आणि हेवाही आहेत. अन्नाचा नियम यांतल्या कशाला हात लावतो? उलट, मी पाळतो आणि तो पाळत नाही, या विचाराने हेवा आणि तट वाढतात. पोट रिकामं राहतं आणि अहंकार जेवतो. १८ व्या वचनातला, दृष्टान्तांचा तोरा मिरवून उगाच फुगलेला माणूस तो हाच.

दुसरी बिघडणारी गोष्ट अशी की नियम आपल्याआपण वाढतात. सुंता करून घेणारा सगळंच नियमशास्त्र पाळायला बांधला जातो, असं पौल गलतीकरांना बजावतो. आजही तेच होतं. आधी दागिने घालू नका. मग बांगड्या नकोत. मग टिकली नको. मग टिकली लावणाऱ्या नातेवाइकाच्या लग्नाला जाऊ नका. प्रत्येक नवा नियम आधीच्या नियमाला कुंपण म्हणून येतो, आणि शेवटी घरातली लेक माहेरच्या कार्याला मुकते. ज्या स्त्रीला टिकली लावावीशी वाटत नाही तिने लावू नये, त्यात काहीच वावगं नाही. पण तिच्या कपाळावरून तिच्या तारणाचा हिशेब करणारा माणूस कलस्सैमधल्या त्या शिक्षकांच्याच रांगेत बसतो.

पंडिता रमाबाईंनी हे फार लवकर ओळखलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर धर्मसिद्धान्तांवरून त्यांचा तिथल्या मठातल्या भगिनींशी, म्हणजे नन्सशी, पत्रव्यवहारातून वाद झाला. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो आहोत, तेव्हा पाद्री सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मान्य करून तसंच दुसरं जोखड घेण्याची आपली तयारी नाही. गलतीकरांस ५ च्या पहिल्या वचनात पौल दासत्वाच्या जुवाबद्दल बोलतो, आणि एका मराठी बाईने ते शब्द थेट चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

ताईत काढताना

आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही ताईत, काळा दोरा, उंबऱ्यावरचं लिंबू-मिरची, अमावास्येची धास्ती ही सगळी मंडळी मुक्कामाला असतात. काढून टाकायचं ठरलं तर काय करावं? पहिली गोष्ट, उलटा विधी करू नये. ताईत काढण्यासाठी खास दिवस, खास तेल, सात वेळा म्हणायची प्रार्थना असं काही ठरवलं, की जुन्या व्यवहाराला नवं आवरण मिळतं. दुसऱ्या एका विश्वासणाऱ्याला बरोबर घ्यावं, कलस्सैकरांस २ ची १३ ते १५ वचनं मोठ्याने वाचावीत, साध्या शब्दांत देवाचे आभार मानावेत आणि ताईत काढून टाकावा. इफिसकरांनी पुस्तकं जाळली, विकली नाहीत. तसाच हाही दुसऱ्या कुणाला देऊ नये. आणि हे ज्याचं त्याने करावं. सुनेने सासूच्या गळ्यातला दोरा झोपेत कापू नये.

खरी परीक्षा पुढे असते. चार दिवसांनी लेकराला ताप येतो, आणि मनात येतं, काढला म्हणून झालं. बहुतेक लोक इथेच मागे फिरतात. हा क्षण येणार हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस तेवढा गांगरत नाही. मुलांना ताप येतात. ताईत बांधलेला असतानाही येत होते, तेव्हा त्याचा दोष कुणी ताईताला दिला नव्हता. मुलाला डॉक्टरकडे न्यावं, आणि प्रार्थनाही करावी. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी मंडळीत सांगत असेल तर तोही ‘हात लावू नको’चाच प्रकार आहे, आणि त्याने जीव जातात.

दुसरी चूक म्हणजे अदलाबदल. ताईत गेला, त्या जागी क्रूसाचं लॉकेट आलं, आणि ते घरी विसरलं की छातीत धडधड. क्रूस गळ्यात घालायला कुणाची हरकत नाही. पण तो नसला की भीती वाटत असेल, तर तो ताईतच झाला आहे. अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीचं आणि उशाखाली ठेवलेल्या बायबलचंही तेच.

पिढीजात शापाच्या शिकवणीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. पूर्वजांच्या पापांची यादी करा, एकेकाचं नाव घेऊन शाप तोडा, एखादं नाव सुटलं तर शाप राहील, असं सांगणारे प्रार्थनागट आहेत. आजीला पूर्वी कुठे नेलं होतं, पणजोबांनी काय नवस बोलले होते, हे आठवता आठवता माणसं थकून जातात. यादी अपुरी राहिली तर क्षमा अपुरी, हे म्हणणं १३ व्या वचनाशी जुळत नाही, कारण तिथे सर्व अपराधांची क्षमा झाली असं लिहिलं आहे. खत एकच होतं आणि ते खिळलं गेलं.

उपासाचं काय?

हा सगळा मजकूर वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: नियम नाहीत, म्हणजे शिस्तही नको. पौलाचा तिसरा अध्याय त्यांच्यासाठी आहे. लोभ, राग, निंदा, खोटं बोलणं टाकून द्या. दया, ममता, सौम्यता, सहनशीलता अंगी बाणवा. ही यादी चांगलीच कडक आहे. फरक आहे तो क्रमात. तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेला आहात आणि उठवले गेला आहात, हे आधी. म्हणून असं वागा, हे नंतर. नियमवादी धर्म हाच क्रम उलटा करतो.

त्यामुळे लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातला, उपास हा आपोआप नियमवाद ठरत नाही. रोमन कॅथलिक शिस्तीत सर्वांवर बंधनकारक उपासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तेही १८ ते ५९ या वयाच्या लोकांसाठी. येशूने उपास करू नका असं सांगितलं नाही, तोंड उतरवून दाखवत फिरू नका असं सांगितलं. एखादी शिस्त नियमवाद झाली आहे का, हे पाहायला थोडे प्रश्न पुरतात. ती मोडली तर देव मला टाकील असं वाटतं का? न पाळणाऱ्याबद्दल मनात तुच्छता येते का? आजारपणात ती सोडायची मोकळीक आहे का? आणि तिच्यामुळे वाचलेला वेळ किंवा पैसा कुणा गरजवंतापर्यंत पोचतो का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर थांबून विचार करावा.

शेजारच्या घरून प्रसाद आला तर काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला दर गणपतीत पडतो. करिंथकरांनी पौलाला मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं नाही. देवळातल्या पूजेत आणि तिथल्या पंगतीत सहभागी होऊ नका. बाजारातलं मांस चौकशी न करता घ्या. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा. पण हा नैवेद्य आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. अन्नात काही शिरलेलं नसतं, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. प्रश्न असतो तो समोरचा माणूस त्या खाण्याचा काय अर्थ घेईल याचा.

यावरून एकाच मंडळीतल्या दोन प्रामाणिक माणसांचे निर्णय वेगळे होऊ शकतात. एक जण ताट हसून घेतो आणि शेजारणीला नाराज होऊ देत नाही. दुसरी नुकतीच त्या पूजेतून बाहेर आलेली असते, तिला तो घास घशाखाली उतरत नाही. रोमकरांस १४ मध्ये खाणाऱ्याला सांगितलं आहे की न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नको, आणि न खाणाऱ्याला सांगितलं आहे की खाणाऱ्याचा न्याय करू नको. मोकळ्या माणसाने तिच्यासमोर ताट घेण्याआधी तिला बाजूला बोलावून विचारावं, आणि तिला त्रास होणार असेल तर त्या दिवशी आपणही खाऊ नये.